काकूची मुंबईची चिठ्ठी

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही… नव्वदी आली तरी नाही. तेव्हा हे वाचून मला अंगारे-धुपारे सुचवू नका.

मध्य भारत जाऊन मध्य प्रदेश झाला, त्या हिवाळ्यातली गोष्ट. ग्वाल्हेरला नया बाजारात आम्ही दोघीच राहायचो — मी, शाळेत मास्तरीण, आणि मला लहानाची मोठी करणारी विधवा काकू. काकूच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर! ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "आता किरणांचा शेक द्यायला मुंबईला न्या. उशीर केलात तर उपयोग नाही." पण सरकारी चिठ्ठीशिवाय तिथे बेड मिळेना.

फॉर्म मीच भरला. 'मूळ निवासी'पुढे झोकात लिहिलं — वाई, जिल्हा सातारा. इथली आम्ही मराठी माणसं तसंच लिहायचो! पाच पिढ्यांत कुणी वाई पाहिली नव्हती, पण ऐट केवढी!

नव्या कचेरीतला बाबू म्हणाला, "आप तो बंबई राज्य की हैं. अर्ज़ी वहीं दीजिए." मी ग्वाल्हेर लिहून दुसरा फॉर्म भरून दिला, तर म्हणे, "तो पहलेवाला झूठ था?" तीन आठवडे खेटे घातले. कधी साहेब भोपाळला, कधी फाईल भोपाळला. नुसता संताप यायचा.

चौथ्या सोमवारी शाळा सुटल्यावर गेले ती भांडायलाच. मला बघून बाबू चक्क उठून उभा राहिला.

"चिट्ठी तो माताजी ले गईं. सुबह से साहब के दरवाज़े पर बैठी थीं. बोलीं, मरना होगा तो घर में मरूँगी, आपकी फ़ाइल में नहीं."

त्याने रजिस्टर पुढे केलं. काकूचीच सही, मोडीतली.

धावत घरी आले. काकू अंथरुणावर. उशाशी चिठ्ठी! शेजारच्या सुमनताई म्हणाल्या, "अगं, सकाळपासून मी इथेच आहे. कूस बदलायलाही त्यांना माझा हात लागतो, जातील कुठे?"

"काकू, तू गेली होतीस?"

"ठाऊक नाही बाई. कुणीतरी जायला हवंच होतं ना? बघत काय बसलीस, सामान बांध!"

शेक वेळेवर मिळाला. काकू पुढे अकरा वर्षं जगली, माझ्यावर ओरडत, ठणठणीत.

उलगडा आजही झालेला नाही. लोक विचारतात, एक बाई एकाच वेळी दोन ठिकाणी कशी असेल? मला नाही माहीत. पण अंथरुणाला खिळलेल्या बाईला त्या दारात जाऊन बसावंच का लागलं… ते आधी सांगा मला.