सुपडू प्यायलेला नव्हता

सुपडूची बातमी सकाळी साडेदहाला आली. दवाखाना भरलेला होता. पारोळ्याहून ट्रंककॉल आला. धुळ्याहून जळगावला रिकामा ट्रक आणताना, सरळ रस्त्यावर, लख्ख उन्हात, सुपडूची गाडी रस्ता सोडून कडुनिंबावर आदळली होती. तो एकटाच होता. पलीकडचा माणूस म्हणाला, "डॉक्टर, ब्रेक मारल्याची खूणच नाही हो." मी फोन ठेवला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं... पहिली लाज तिथली. कारण ब्रेक का मारला नाही, हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

सुपडू आणि मी पारोळ्याच्या शाळेत एका बाकावरचे. मी डॉक्टर होऊन जळगावला आलो, तो ट्रकवर चढला. केळीचे ट्रक घेऊन पार दिल्लीपर्यंत जायचा. आडवा बांधा, आखूड मान, शर्टाचं वरचं बटण कधी लागायचं नाही. आणि झोप! माझ्या मुलीच्या लग्नात जेवता जेवता पंगतीत घोरू लागला, तेव्हा सगळा मांडव हसला. सर्वांत मोठ्यानं मी हसलो. त्याच दिवशी त्याची बायको, कमलवहिनी, मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "डॉक्टर, झोपमा त्यास्ना दम थांबी जास. माले भेव वाटस." मी म्हणालो, "वहिनी, कष्टाच्या माणसाची झोप आहे ती, काळजी करू नका."

पुढे एका वैद्यकीय मासिकात झोपेत श्वास अडकण्याच्या आजारावर लेख वाचला. अशा माणसाची रात्रीची झोप पुरी होत नाही, मग दिवसा बसल्या जागी डोळा लागतो. वाचताना सुपडूच डोळ्यांसमोर आला. काही महिन्यांनी लायसनच्या नूतनीकरणाचा फॉर्म घेऊन तो स्वतःच आला. मी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघत होतो, तेवढ्यात त्याची मान छातीवर पडली. मी त्याला हलवून उठवलं आणि म्हणालो, "सुपडू, आधी मुंबईला जाऊन तपासून घे. तोवर गाडी चालवू नको."

तो हसला नाही. "मधू, लायसन गय तर मी काय करू भो? माले दुसरं येस काय?"

फॉर्मवर डोळे, कान, फिट्स, हातपाय यांचे रकाने होते. झोपेचा रकाना नव्हता. मी त्या नसलेल्या रकान्याच्या आड लपलो. विचारलेली सगळी उत्तरं खरी लिहिली आणि सही केली. तो मुंबईला गेला नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

दहाव्याला लोक कुजबुजत होते, "सकाळी सकाळीच लावली असणार." आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस! मी तिथेच, सतरंजीवर, मान खाली घालून बसून होतो. तोंड उघडलं असतं तर माझी सही बाहेर आली असती. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "त्या पेयेल नव्हतात, इतलं तरी लोकेस्ले सांगा."

म्हणून हे लिहितो आहे. सुपडू प्यायलेला नव्हता. तो आजारी होता, आणि ते मला माहीत होतं.

आता फॉर्म घेऊन येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला मी घोरण्याबद्दल विचारतो, घरच्या माणसाला घेऊन यायला सांगतो. बहुतेक जण हसतात. गेल्या आठवड्यात एक धिप्पाड गडी बाकावर नंबराची वाट बघत बसल्या बसल्या झोपला. मी सही नाकारली. तो चिडला, कागद ओढून घेऊन निघून गेला. परवा हायवेच्या चौफुलीवर मी रस्ता ओलांडायला थांबलो होतो. समोरून भरलेला ट्रक आला. स्टिअरिंगवर तोच होता. फॉर्मवर सही कुणीतरी केलीच होती. मला ओळखून त्यानं खिडकीतून हात हलवला. राग गेला होता त्याचा.

मीही हात हलवला.