पाव तासाचा थांबा

बावीस वर्षं बस चालवून ताईंचे गुडघे कुरकुरायला लागले होते. आता त्यांना वेळापत्रक आखायच्या टेबलावर बसायचं होतं. पण त्या जागेच्या परीक्षेत त्या दोनदा नापास झाल्या होत्या, आणि ही तिसरी संधी शेवटची. घोडं अडत होतं वेग, वेळ, अंतराच्या गणितात.

चूकही कशी, तर अस्सल ड्रायव्हरची. गणितातली बस सुटली, की ताई तिला वाटेत थांबवायच्याच!

"आई, थांबा दिलेलाच नाहीये!" नववीतल्या लेकीने कपाळावर हात मारला.

"मग ड्रायव्हरने पाणी कधी प्यायचं?"

"कागदावरच्या ड्रायव्हरला तहान लागत नाही गं. एकूण वेळ क्ष धर. थांबा दिला असेल, तरच क्षमधून वजा कर."

महिनाभर भाजी चिरतानाही ताई क्षच पुटपुटत होत्या.

तोंडी परीक्षेत साहेबांनी फळ्यावर सोडवायला गणित घातलं. साधी बस आठला सुटते, ताशी चाळीस किलोमीटर. त्याच रस्त्याने जलद बस नऊला सुटते, ताशी साठ. जलद बस साधीला कधी गाठेल?

सवयीने थांबा लिहायला ताईंचा हात घुटमळला. मग त्यांनी मन घट्ट केलं. साधी बस क्ष तास चालली, जलद एक तास कमी, आणि अंतर दोघींचं सारखंच. ४०क्ष = ६०(क्ष − १). क्ष आला तीन.

"अकरा वाजता."

"बरोबर. या आता."

ताई फळ्यापासून हलल्या नाहीत. "साहेब, आता खरी बस सोडू का?"

"म्हणजे?"

"साधी बस दहाला पाव तास थांबते. जलद थांबत नाही." उत्तराची वाट न बघता त्यांनी लिहिलं: ४०(क्ष − १/४) = ६०(क्ष − १). "क्ष अडीच. साडेदहालाच गाठते. तुमच्या वेळापत्रकात हा पाव तासच नाही, म्हणून आम्ही रोज उशिराची बोलणी खातो."

साहेबांनी फळ्यावरचं ते समीकरण दोनदा तपासलं, आणि मग आपल्या वहीत उतरवून घेतलं.

पुढच्या महिन्यात आगाराच्या भिंतीवर ताईंच्या हातचं वेळापत्रक लागलं. त्या सकाळी ताई मुद्दाम थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. दहाला साधी बस आली. ड्रायव्हर उतरला, बाकावर टेकला आणि घड्याळाकडे न बघता त्याने बाटलीभर पाणी पिऊन संपवलं. सव्वादहाला बस सुटली, अगदी वेळेवर.