चार नळ्या, वीस रुपयांचं मीठ आणि आंबेनळीमार्गे महाड

चार नळ्या, प्रत्येकीत चमचाभर गढूळ पाणी. त्या वाईहून महाडला पोचवून परत यायला मला आलेला खर्च असा: पेट्रोल साडेअकराशे, पोलादपूरला जेवण एकशेचाळीस, महाबळेश्वरात बर्फ साठ आणि खडेमीठ वीस. यातले शेवटचे ऐंशी रुपये सगळ्यात महाग पडले.

माझी मुलगी सायली साताऱ्याला शिकते. तिच्या कॉलेजात सिंथेटिक बायोलॉजीची टीम आहे. म्हणजे जिवाणूच्या पेशीत बाहेरचा जनुक बसवायचा आणि त्याला नवं काम शिकवायचं. यांचा जिवाणू मातीत लोह कमी असलं की हिरवा चमकतो. महाडच्या कॉलेजातली टीम यात भागीदार. पोलादपूरजवळच्या कुडपण गावातल्या नाचणीच्या शेतांतली माती तीच टीम आणते. वर्षभर दोन्हीकडची मुलं स्क्रीनवर भेटतात, समोरासमोर कधीच नाही. यांचा एक नियम मला फार आवडला. एकाच प्रयोगशाळेत निघालेला चमकेचा आकडा खरा धरायचा नाही. तोच जिवाणू दुसऱ्या गावात, दुसऱ्या हातांनी वाढवून तोच आकडा आला, तरच खरा.

रविवारी दुपारी दोनला दोन्हीकडे एकदम मोजणी सुरू व्हायची होती. सायलीला दर तासाला आकडे घ्यायचे, म्हणून तिला सातारा सोडता येईना. "बाबा, तुम्ही न्याल?" असं तिने विचारलं आणि तिचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणालो. सव्वीस वर्षं कुल्फीचा धंदा केलाय, सुरुवात सायकलवरून. थंडावा हा माझा विषय. शनिवारी वाईला घरी येऊन तिने सरांच्या परवानगीचं पत्र दिलं, पेटी दिली आणि बजावलं की आतल्या थंड पिशव्या पुरेशा आहेत, काही करू नका.

सकाळी सातला निघालो. शेजारच्या सीटवर पेटी, तिला पट्टा. त्या सीटवर सायलीची आई बसायची आणि घाटातले फलक मोठ्याने वाचायची. तीन वर्षं झाली. पसरणीच्या घाटात दोन फलक मी वाचून पाहिले, मग रेडिओ लावला.

महाबळेश्वरात ऊन चढलं होतं. पेटी उघडून पिशव्यांना हात लावला तर त्या जेमतेम गार. मिठाशिवायचा गारवा म्हणजे माझ्या लेखी नुसतं ओलं फडकं. बर्फ घेतला, तो आणखी गार व्हावा म्हणून खडेमीठ घेतलं आणि कुल्फीचे साचे पुरतात तशा चारही नळ्या पुरल्या.

आंबेनळी उतरणाऱ्यांसाठी: टाकी वरच भरा, खाली पोलादपूरपर्यंत भरवसा धरू नका. वळणावर हॉर्न द्या, घाईच्या गाड्यांना पुढे जाऊ द्या. पावसाळ्यानंतर दरडीची लाल माती रस्त्याकडेला अजून पडलेली असते. दरी सुंदर आहे. पण "ते बघ" म्हणायला शेजारी कोणी नसलं की आपण दोन-तीन वळणांनंतर बघणंच सोडतो.

पोलादपूरला एका खानावळीत तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सोलकढी. पेटी मी टेबलावर ठेवली होती. खानावळवाल्या बाई मूळच्या कुडपणच्या. त्यांनी विचारलं, "पेटीत काय हाय, भाऊ? लेकरासारखी सांभाळताव."

मी छाती फुगवून सांगितलं, दोन कॉलेजांचं वर्षभराचं काम या पेटीत आहे आणि ते माझ्या भरवशावर चाललंय. बाई हसल्या नाहीत. त्यांचा मुलगा मुंबईला. दर महिन्याला त्या एसटीतून त्याला नाचणीचं पीठ धाडतात. "खातो का नाय ठावं नाय," त्या म्हणाल्या. "डबा रिकामा येतो, तेवढंच समाधान."

साडेबाराला महाडला पोचलो. टीमची प्रमुख मृण्मयी आणि टीममधला तिचा सहकारी ओंकार गेटवरच उभे होते. प्रयोगशाळेत मृण्मयीने पेटी उघडली, एक नळी उजेडात धरून तिरकी केली. आतलं पाणी हललं नाही.

"काका, यात मीठ कोणी घातलं?"

मी सांगितलं. तिने समजावलं: हे जिवाणू गार हवेत, गोठलेले नकोत. गोठवायचेच तर ग्लिसरॉल, म्हणजे पेशी जपणारा पाकासारखा द्रव, घालून, नाहीतर कितीतरी मरतात आणि उरलेल्यांचा भरवसा नसतो. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच लागलं. मी हात धुवायला बाहेर गेलो.

परत येताना दारातच सायलीचा आवाज ऐकू आला. फोन स्पीकरवर होता. "बाबांनी कुल्फी केली?" असं म्हणून ती एवढी खळखळून हसली, की घरात तसं हसलेलं शेवटचं कधी ऐकलं ते मला आठवेना. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "त्यांना काही बोलू नका हं. वहीत लिहा, पॅकिंग माझं चुकलं."

या मुलांची वही दोन्ही टीम वाचतात आणि शेवटी स्पर्धेचे परीक्षकही. मी आत गेलो. "मीठ मी घातलं," म्हटलं, "तसंच लिहा." मृण्मयीने लिहिलं: नमुने वाटेत गोठले, कारण बर्फात मीठ. खाली मी सही केली.

तोवर ओंकारने फ्रीझरमधून ग्लिसरॉल घातलेली एक बारकी नळी आणली. तिच्यावर सायलीचं अक्षर. एकमेकांचा जिवाणू एकमेकांकडे जपून ठेवायची यांची पद्धत; ही नळी सहा महिने इथेच होती. तिच्यातून नवे वाढवायचे, मोजणी मंगळवारी. सायलीला साताऱ्यात पुन्हा सगळी तयारी करायची.

"मग माझी गरज काय होती?" मी विचारलं.

मृण्मयीला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, "सायली म्हणत होती, काकू गेल्यापासून बाबा कुठे जातच नाहीत."

चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर अर्धा तास बसलो. बायकामुलांसह आलेल्या एका गृहस्थांनी फोटो काढायला मोबाइल दिला. चार काढून दिले. अंधाराआधी घाट चढायचा म्हणून साडेतीनला निघालो. रिकामी पेटी मागच्या सीटवर टाकली.

घरी पोचल्यावर सायलीचा फोन आला. तिने रस्ता कसा होता विचारलं, मी चांगला होता म्हणालो. मग ती म्हणाली, पुढच्या महिन्यात महाडची मुलं साताऱ्याला येणार आहेत, कुल्फी लागेल. किती जण, ते मी दोनदा विचारलं.

बुधवारी तिने कळवलं की दोन्ही गावांचे आकडे जुळले. त्यात मी नेलेल्या नळ्यांमधला एक थेंबही नव्हता.