तेलकाकांचं दार

तेलकाकांच्या अंगाला साबणाचा वास यायचा तो फक्त कुठं पाहुणे म्हणून जायचं असलं तर. एरवी जळक्या ऑइलचा. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला गाड्यांचं जुनं काळं ऑइल फेकून न देता डब्यात भरून काकांसाठी ठेवायचा, असा शिरस्ताच पडून गेला होता. ते डबे जिन्याखाली ओळीनं उभे असत आणि काकू येता-जाता त्यांच्याकडे सवतीकडे बघावं तशा बघत.

हा सगळा खटाटोप एका जीपसाठी. काका वीजखात्यात लाइनमन होते. ज्या जीपमधून डोंगरातल्या तारा दुरुस्त करत उभा जन्म हिंडले, तीच खात्यानं मोडीत काढली तेव्हा त्यांनी ती लिलावातून घरी आणली. निरोपसमारंभात मिळालेलं घड्याळ कपाटात पडून राहिलं, जीप मात्र रोज पुसली जाऊ लागली. लोकांनी हसून घेतलं. काकू हसल्या नाहीत, कारण त्यांची थोरली बहीण डोंगरावर राहायची. ताईंच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून त्यांना खाली उतरणं जमत नव्हतं आणि वर जाणारा रस्ता म्हणजे दोन ओढे, बाकी सगळे दगड. तिथं या जीपशिवाय दुसरी गाडी चढत नसे. म्हणून काकूंनी डबे सोसले, वास सोसला आणि धुवून न निघणारे शर्टही सोसले.

गंजाशी काकांचं हाडवैर होतं. "लोक वरून रंग मारतात आणि खूश होतात," ते भेटेल त्याला सांगत. "आत गंज आपला निवांत जेवतोय." त्यांची स्वतःची रीत वेगळी होती. गाडीखाली शिरून चासीला ब्रशनं ऑइल फासायचं आणि तशीच गाडी धुळीच्या रस्त्यावर पळवायची. तेलावर धूळ बसली की पुन्हा तेल, पुन्हा धूळ. या थरांमुळे जीपचं पोट खरपुडी धरलेल्या तव्यासारखं झालं होतं. जीपखालून बाहेर आलेले काका त्याहून बरे दिसत नसत.

एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण एकदा ओढा ओलांडून आल्यावर गाडी पुसताना त्यांना दोन्ही दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं दिसली. तिथून पाणी ठिबकत होतं. काकांनी डोकं चालवलं. ज्या वाटेनं पाणी बाहेर येतं, त्याच वाटेनं ते आत शिरत असणार. कारखानेवाल्यांनी बुजवायचा आळस केलाय, दुसरं काय. त्यांनी पत्र्याला भरायची लांबी आणली, सगळी भोकं ठासून बुजवली, घासून गुळगुळीत केली आणि वर रंग दिला. दोन दिवस त्यांची मान ताठ होती.

पुढच्या फेरीला वळणावर आवाज आला. गळगळ.

"अहो, दारात पाणी वाजतंय," काकू विणता विणता म्हणाल्या. प्रवासात त्यांच्या हातात कायम विणकाम असे.

"टाकीत डिझेल वाजतंय ते."

"टाकी मागे आहे. आवाज तुमच्या मांडीशी येतोय. माझ्याही येतोय."

"डोंगरात आवाज फिरतो. मी जन्मभर डोंगरात काढलाय."

काकू गप्प झाल्या. काकू गप्प झाल्या की काहीतरी शिजत असतं, हे इतक्या वर्षांच्या संसारात काकांना कळायला हरकत नव्हती. त्यानंतर काकूंच्या बाजूचा आवाज बंद झाला, याचाही त्यांना पत्ता लागला नाही. काकांच्या बाजूचा चालूच होता, पण रोजचं घड्याळ कुठं कुणाला ऐकू येतं.

मग जीपच्या पासिंगची तारीख आली. तपासणीला नवा साहेब आला होता. जुन्या गाड्यांखाली शिरून तो स्क्रूड्रायव्हरनं पत्रा टोचून बघे आणि जिथं स्क्रूड्रायव्हर आत गेला तिथं गाडीचं आयुष्य संपे. त्याला सगळे टोच्या म्हणत, अर्थात पाठीमागे.

"नाही झाली पास, तर ताईकडे कसं जायचं?" काकूंनी विचारलं.

"होईल की," काका म्हणाले, पण त्या दिवशी ताटातलं अर्धं तसंच राहिलं. ते घाबरले होते. गाडी गेली तर आपल्याला काय उरतं, हा विचार त्यांना गिळवत नव्हता, आणि तो काकूंना सांगायचा तरी कसा, हेही कळत नव्हतं.

तपासणीच्या आवारात काकू बाकावर बसून विणत होत्या. टोच्या जीपखाली शिरला. बराच वेळ टकटक चाललं. बाहेर आला तेव्हा त्याचं नाक काळं झालं होतं आणि कारकून फायलीआड तोंड लपवत होता.

"हे काय फासलंय?"

"ऑइल, साहेब. त्यावर धूळ. पुन्हा ऑइल."

"थर खरवडला तर आत लोखंड कोरं आहे," टोच्या म्हणाला. "एवढ्या जुन्या गाडीची अशी चासी मी पाहिली नव्हती."

इथं काकांनी तोंड बंद ठेवायला हवं होतं. पण कौतुक झालं की माणसाच्या जिभेला पाय फुटतात. "चासीचं काय घेऊन बसलात," ते म्हणाले. "ही दारं बघा. खाली भोकं होती, मी सगळी बुजवली. थेंबभर पाणी आत शिरेल तर शपथ."

टोच्यानं त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून मिटलं. गळगळ.

"काचेच्या फटीतून पाणी आत उतरतं, काका," तो म्हणाला. "ते बाहेर जावं म्हणून ती भोकं ठेवलेली असतात."

त्यानं खालच्या कडेला टोचलं. लांबीचा तुकडा उडाला आणि चहाच्या रंगाचं पाणी धो धो त्याच्या बुटांवर पडलं. मागोमाग अंगठ्यानं दाबलेला पत्रा भिजक्या बिस्किटासारखा गळून आला. लाइनमनच्या नोकरीत काकांना विजेचा झटका दोनदा बसला होता. हा तिसरा. जन्मभर ज्या शत्रूवर डोळा ठेवला, त्याला आपणच आत कोंडून पाणी पाजत बसलो होतो, हे त्यांना उभ्या उभ्या कळलं.

टोच्या दुसऱ्या दाराकडे वळला तेव्हा त्यांनी डोळेच मिटले. पण तिकडून आवाज आला तो टक, टक. दार कोरडं होतं, पत्रा शाबूत होता.

"इकडची भोकं उघडी आहेत. कुणी उघडली?"

"मी," बाकावरून काकू म्हणाल्या आणि त्यांनी विणायची सुई वर केली.

काकांनी डोळे उघडले. "मग माझ्या बाजूची का नाही उघडलीस?"

"तुमच्या बाजूला टाकी वाजत होती ना."

कारकुनाला आता फाइल पुरेना. टोच्यानं बूट झटकले. "हे दार असं असताना मला गाडी पास करता येणार नाही."

"आणि दार नसताना?" काकूंनी विचारलं.

टोच्यानं विचार केला. "नसलेलं दार कुजलंय असं कसं लिहिणार? जीप आहे. बिनदाराच्या कितीतरी फिरतात."

बिजागऱ्यांच्या खिळ्यांना हातोडी लागलीच नाही. त्यांनाही काकांनी इतकं तेल पाजलं होतं की ते बोटांनीच निघाले. काकांनी स्वतःच्या हातानं दार उतरवलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं.

पास झालेली जीप घेऊन ताईंकडे जाताना पहिला ओढा लागला तेव्हा काका कमरेपर्यंत भिजले. काकू आपल्या दाराआड कोरड्या बसून ताईंचा स्वेटर विणत होत्या. वळण आलं, गेलं. कुठं काही वाजलं नाही. मग काका म्हणाले, "पायरीखालच्या पत्र्यालाही भोकं होती."

"बुजवलीत?"

"हो." त्यांनी गाडी कडेला घेतली आणि काकूंकडे न बघता हात पुढं केला. "सुई दे."

"ही नको, टाके सुटतील." काकूंनी पिशवीच्या तळातून दुसरी सुई काढली, जरा वाकलेली, लांबीचा रंग लागलेली. "ही घ्या. तुम्ही मागाल म्हणून केव्हाची बरोबर घेऊन फिरतेय."