पहिला तुकडा

जर्मनीत एर्लांगेनला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत ती माझ्यासमोर बसली. साठीची जर्मन बाई, बुटांना वाळलेला चिखल, सॅकला बांधलेला डफासारखा ढोल. मी ढोलाबद्दल विचारलं. ती नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या डोंगरांत आठ दिवस चालून आली होती. वाटाड्याच शामान, म्हणजे आपल्याकडचा भगत. ढोल वाजवून डोंगराशी कसं बोलायचं ते त्याने शिकवलं, असं तिने पोहायला शिकल्यासारखं सांगितलं.

मग तिने ब्रेत्सेल, म्हणजे वेटोळ्याचा खारा पाव, काढला. पहिला तुकडा मोडून कागदी रुमालावर ठेवला आणि डोळे मिटून पुटपुटली. शेजारच्या बाकांवर लॅपटॉप उघडून चौघे बसले होते, पण तिला कोणाची पर्वा नव्हती.

"हा डोंगराचा. उतरल्यावर झाडाखाली ठेवीन."

मला तिचा चक्क हेवा वाटला. कोकणात आमचे बाबा बागेत जेवताना पहिला घास राखणदारासाठी, म्हणजे बाग राखणाऱ्या देवासाठी, काढून ठेवायचे. पुण्याहून माझे मित्र आले होते, तेव्हा मी म्हणालो होतो, "बाबा, लोकांसमोर नको." पुन्हा माझ्यासमोर त्यांनी तो कधीच काढला नाही. आणि ही आठ दिवसांत शिकून आली होती.

"तुमच्याकडे असं काही करतात का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

पुढच्या स्टेशनवर ती उतरली. मी डबा उघडला. पोळीचा पहिला तुकडा मोडला, त्या चौघांकडे पाहिलं आणि तो स्वतःच खाल्ला.