फुकटच्या विजेचं यंत्र

मोटारीचं वायंडिंग जळाल्याचा वास आला, की राहू गावातल्या आमच्या विहिरीवरची ती दुपार आठवते. विजेशिवाय चालणारं यंत्र विकायला एक कोटवाला आला होता. चाक गरगरत होतं, जळका वास सुटला होता, पंप पाणी ओतत होता. वीजकनेक्शन तोडायचा अर्ज खिशात घेऊन वडील भारावून बघत होते. मी नुकताच बीएस्सी झालो होतो. वडिलांना म्हणालो, "आप्पा, शून्यातून ऊर्जा निघत नाही." "गप रं, लई शिकलास!" चुलते खेकसले. तेवढ्यात गावची लाईट गेली आणि यंत्रही थांबलं. चुलते म्हणाले, "आता लाईटच न्हाई, तर ते बिचारं कसं चालंल?" वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि अर्ज फाडला. चुलते अजून मला चुंबकावरच्या पंपाचे व्हिडिओ पाठवतात. मी एवढंच विचारतो, "तात्या, लाईट हाय का?"