सभामंडपाच्या पायरीशी

प्रतापनगरातल्या भागीरथाबाईंचे देव कधी पारोसे राहिले नाहीत. उमरेडहून लग्न होऊन आल्या तेव्हापासून देवघर त्यांच्याच हातात. महिन्याचे चार दिवस तेवढे दूर बसायच्या. पन्नाशीच्या आसपास पाळी गेली तेव्हा सुटल्यासारख्या शेजारच्या प्रेमिलाला म्हणाल्या, "आता देवाची अन् माही ताटातूट नाही वं."

पुढे बऱ्याच वर्षांनी एका सकाळी फुलं तोडता तोडता साडीला डाग लागला. घाबरल्या नाहीत त्या, खट्टू झाल्या. परडी ओट्यावर ठेवून सुनेला हाक मारली.

"मयुरा, पूजा तू कर. मले दूर बसा लागते."

"आता, आई? या वयात?"

"उष्णता वाढली असंन."

मयुराने पुढे विचारलं नाही. सासूचं ताट तेवढं वेगळं मांडलं. मग हे वरचेवर होऊ लागलं. मागच्या खोलीत चटई टाकलेली दिसली की नवरा, मुलगा, सगळेच काय ते समजायचे. त्यावर बोलायचं नाही, हीही रीतच. लपवलेलं काही नव्हतं, पण विचारलं कुणीच नाही.

त्या हिवाळ्यात चौकातल्या गणपतीच्या देवळात, सभामंडपात पडदे लावून बायकांची तपासणी ठेवली होती. गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर धरतो आहे का, ते पाहायचं. प्रेमिला बोलवायला आली.

"चाल वं भागीरथा, डाक्टरीणबाई आली हाये."

"मले नाही जमत."

"काहून वं? दोन बाळंतपणं झाली तेव्हा नाही लाजली, अन् आता म्हातारपणी लाजून राहिली का?"

"लाजत नाही वं. विटाळ आहे मले. देवळात पाय कसा ठेवू?"

प्रेमिलालाही ते पटलं. "मंग राहू दे. पुढच्या वेळी जाऊ," म्हणून ती एकटीच गेली. तिच्या तपासणीत काही निघालं नाही.

पुढची वेळ यायच्या आधी भागीरथाबाईंची कंबर धरली. अंगाला घाण वास येऊ लागला, तो उदबत्तीने झाकेना. तेव्हा मयुरा त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. गर्भाशयाच्या तोंडाचा तुकडा काढून तपासला.

"पाळी बंद झाल्यावर आलेलं रक्त पाळीचं नसतं, आई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थेंबभर दिसलं तरी दाखवायचं असतं. आता गाठ लघवीच्या पिशवीपर्यंत गेलीय. मशीनवर किरणांचा शेक देऊ, दुखणं कमी होईल." पुढचं त्या मयुराकडे पाहून, हळू आवाजात बोलल्या.

भागीरथाबाईंनी एवढंच विचारलं, "मंग तो विटाळ नव्हता?"

"नाही."

"म्हणजे मी देवळात जाऊ शकत होती?"

"हो, आई."

घरी आल्यावर त्या भिंत धरत धरत थेट देवघरात गेल्या. निरांजन लावायला घेतलं, पण काडी विझली. मयुरा उंबऱ्याबाहेर उभी होती.

"आत ये. वात धर जराशी."

"मी दूर आहे, आई."

भागीरथाबाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं.

"तुही पाळीच आहे नं? नक्की?"

"हो, आई."

"तरी तपासून घेजो. देवळात ठेवली तरी जाजो. विटाळ असला तरी जाजो."

मयुराने डोळ्याला पदर लावला. त्यांनी दुसरी काडी ओढली, वात पेटवली. रोज निरांजन लावल्यावर त्या देवाकडे डोळे भरून पाहायच्या. त्या दिवशी मान खालीच ठेवली.